डुकराच्या पोटातल्या फळ्या

सोमवार, १० ऑक्टोबर २००५. झेंडू तोडून करंड्या भरायच्या होत्या.

दसरा बुधवारी. म्हणजे माल मंगळवारी उजाडायच्या आत नालासोपारा स्टेशनला पोचायला हवा, आणि त्यासाठी सोमवारी दुपारपर्यंत तोडणी उरकायला हवी. जुलैत आमच्या निर्मळच्या वाडीत पाणी साचून राहिलं होतं, त्यामुळे फूल निम्मंच आलं होतं. मी आणि दोन बाया सकाळी सहापासून वाकलो होतो. अकराच्या सुमारास भाड्याच्या पिकअपवाल्याचा निरोप आला, की त्याची ताडपत्री फाटली आहे, तुमची असली तर काढून ठेवा, पावसाचं काही सांगता येत नाही.

आमची ताडपत्री होती. जुन्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या सीटमागे घडी करून ठेवलेली. आणि जुना टेम्पो होता वाचनालयाच्या पटांगणात, कारण पंधरा दिवसांपूर्वी माझे धाकटे दीर तो गावाच्या प्रदर्शनासाठी ओढून घेऊन गेले होते. मी हात धुतले, स्कूटर काढली आणि निघाले.

हा टेम्पो तीन चाकांचा. पुढे एकच चाक आणि त्यावर लांब नाकाड. पोरं त्याला डुक्कर म्हणायची, मोठी माणसंही म्हणायची, आणि घरात आम्हीसुद्धा "डुक्कर चालू झालं का" असंच विचारायचो. त्यात अपमान काही नव्हता, तो दिसायचाच तसा. सुरू होताना आधी निळा धूर सोडायचा, मग घरघरायचा, मग सगळ्या अंगाने थरथरायचा. माझ्या सासऱ्यांनी तो घेतला तेव्हा मी या घरात नव्हते. मी आले १९८४ साली, आणि आल्यावर आठ दिवसांच्या आत मला त्याच्या हौद्यात चढवण्यात आलं. माल लावायचं काम घरातल्या बायकांचं होतं. चालवायचं काम पुरुषांचं. टेम्पोचे जे पाच-सहा फोटो घरात आहेत त्या सगळ्यांत एक पुरुष स्टिअरिंगला हात लावून उभा आहे. हौद्यातल्या बाईचा फोटो कोणी काढला नाही, कारण ती हौद्यात होती.

हौदा बाहेरून पत्र्याचा. पण पत्रा थरथरतो आणि त्याला घासला की मोगरा स्टेशनला पोचेपर्यंत काळा पडतो. म्हणून सासऱ्यांनी आतून तिन्ही बाजूंना उभ्या फळ्या मारून घेतल्या होत्या, नट-बोल्टने. एकूण सोळा. त्यातल्या काही फळ्या त्यांच्या आधीच्या बैलगाडीच्या होत्या, कापून बसवलेल्या. टेम्पो आला तेव्हा गाडी मोडली, पण तिचं लाकूड फुकट घालवायचं नाही, एवढा साधा हिशोब.

आता कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरून आहे.

आमच्या टेम्पोतून फक्त आमचा माल जात नसे. आमच्या आळीतल्या आणि पलीकडच्या ख्रिस्ती आळीतल्या मिळून सोळा घरांचा जायचा. फुलं, केळी, विड्याची पानं, पालेभाजी. प्रत्येक घराला एक फळी. त्या घराच्या करंड्या त्या फळीला टेकूनच लागायच्या. फळीवर, डोळ्याच्या उंचीला, त्या घराची खूण ऑइलपेंटने काढलेली. एका घराचे तीन ठिपके, एकाचं पान, एकाचा क्रूस, एकाची फणी, आमची दोन आडव्या रेघा. करंडीच्या कानालाही त्याच खुणेची चिंधी. पहाटेच्या अंधारात वाचत कोण बसतो, आणि वाचता येणाऱ्या बायका तेव्हा होत्या किती? खूण बघायची, करंडी लावायची. स्टेशनवर हमालही तेच बघून उतरवायचा. फळ्यांचा क्रमही ठरलेला. पहिल्या गाडीने जाणारी फुलं फाळक्याजवळ, म्हणजे मागच्या दाराशी, आणि केळी आत. कोणाची जागा कुठे यावरून जी भांडणं व्हायची ती माझी सासू मिटवायची, आणि तिच्यानंतर मी.

आणखी एक नियम होता. ज्या घराने माल पाठवणं बंद केलं त्याची खूण पुसायची नाही आणि त्याच्या जागेवर दुसऱ्याची करंडी लावायची नाही. वाडी उद्या परत लावली तर? हा नियम मला मूर्खपणाचा वाटायचा. नव्वदनंतर एकेक वाडी बिल्डरला जायला लागली, विहिरी बुजल्या, केळीच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि आमच्या हौद्यात एकेक फळी रिकामी होत गेली. ते लोक परत केळी लावणार नव्हते. त्यांच्या जमिनीवर पार्किंग झालं होतं. १९९६ साली एकदा कोबी फार आला म्हणून मी चार पोती अशाच एका रिकाम्या फळीला टेकून लावली. त्या घरची म्हातारी, जिच्या मुलांनी वाडी विकून दोन वर्षं झाली होती, नेमकी रस्त्यात उभी. तिने टेम्पो थांबवला, फाळक्यातून आत डोकावली आणि म्हणाली, "माझ्या जागेत कोबी कोणाचा?"

"आमचा, काकी. जागा रिकामीच होती."

"रिकामी आहे म्हणून तुझी झाली का गं?"

ड्रायव्हरच्या जागेवर माझे यजमान. त्यांनी उतरून पोती हलवली. मी तीन दिवस कोणाशी धड बोलले नाही. मला वाटलं, अडाणी आहेत सगळी.

२००१ साली टेम्पो बंद झाला. पार्ट मिळेनात, पासिंगला गाडी उभी राहीना, आणि सोळातली तीनच घरं उरली होती. तेवढ्या मालाला भाड्याचा पिकअप पुरतो. टेम्पो भंगारात द्यायचं मीच काढलं होतं, हे कबूल करते. आसपासची तशी चार डुकरं त्याआधीच नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्यांकडे जाऊन कापली गेली होती. कोणी त्यांच्यासाठी प्रदर्शन भरवलं नाही. आपलं निदान लाकूड तरी वेगळं काढून ठेवू, बागेत मांडवाला उपयोगी पडेल, म्हणून मी पाना घेऊन हौद्यात चढले. दुपारी. आणि तेव्हा लक्षात आलं, की सतरा वर्षं मी त्या हौद्यात पहाटेच चढत आले होते आणि त्या फळ्या उन्हात कधी बघितल्याच नव्हत्या. बैलगाडीच्या फळ्यांवर ऑइलपेंटच्या खुणांखाली आणखी जुन्या खुणा होत्या, चाकूने कोरलेल्या. त्याच खुणा. तेच पान, तीच फणी. टेम्पो यायच्या आधी, बहुतेक सासरे लहान असताना कोरलेल्या. एका फळीवर एकाच खुणेचे दोन भाग केलेले, मधे रेघ: दोन भाऊ वेगळे झाले तेव्हाची. गावात कोणाची वाडी होती, कोण कधी वेगळं झालं, कोणाचं कोणाशेजारी चालत होतं, हे सगळं तिथे लिहिलेलं होतं आणि लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. मी पाना खाली ठेवला आणि भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. यजमानांनी कारण विचारलं तर म्हटलं, भाव बरा देत नाही.

तर चार वर्षं टेम्पो आमच्या गोठ्यात उभा होता. मग दिरांचं प्रदर्शन निघालं.

माझे दीर बँकेतून लवकर निवृत्त झालेले. वसई रोडला फ्लॅटमध्ये राहतात. वाडीतला आपला हिस्सा त्यांनी सत्त्याण्णव सालीच विकला, आणि विकल्यापासून त्यांना गावाचं फार प्रेम आलं आहे. 'आपला गाव, आपला वारसा' अशी समिती त्यांनी काढली. जातं, पाटा-वरवंटा, मोटेचं चाक, पितळी समया असं सगळं गोळा केलं, आणि दसऱ्याला उद्घाटन ठरवलं. टेम्पो मागायला आले तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला आनंदच झाला. फक्त वहीचं एक पान दोन्ही बाजूंनी लिहून त्यांच्या हातात दिलं. कुठली फळी कोणाची, खुणा कशा, नियम काय. म्हटलं, बाहेरून धुवून घ्या, आत हात लावू नका.

सोमवारी पटांगणात पोचले तर टेम्पो पोपटी झाला होता. मूळचा निळा. नाकाडावर पेंटर लाल अक्षरात समितीचं नाव काढत होता. दीर पांढरा झब्बा घालून खुर्चीत बसलेले.

"या वहिनी, या! ओळखू येतो का बघा."

"नाही," मी म्हणाले. खरंच येत नव्हता. त्यांना ती तारीफ वाटली.

मी ताडपत्री काढायला गेले आणि सवयीने आधी मागचा फाळका पाडला. आत सनमायका होता.

डुकराच्या पोटात सनमायका. तिन्ही बाजूंना प्लायवूड ठोकून त्यावर चकचकीत सनमायका, आणि त्यावर लाकडाच्या रेषांचं छापील चित्र. खरं लाकूड काढून लाकडाचं चित्र लावलं होतं. मी हात लावून बघितला. गुळगुळीत, थंड.

"भावजी, फळ्या कुठे आहेत?"

"कसल्या फळ्या?"

"आतल्या. सोळा फळ्या होत्या इथे."

"ती कुजकी लाकडं? अहो वहिनी, बुधवारी याची पूजा होणार. देवापुढे ठेवायची वस्तू म्हणजे कोरी नको का? आणि बायका भारी साड्या नेसून आत चढणार फोटोला. कुसळ लागलं म्हणजे? ब्याद." मग आवाज खाली आणून, "सुताराला मी स्वतः उभं राहून करून घेतलंय. सनमायका मी माझ्या पसंतीने आणला."

"मी तुम्हाला कागद दिला होता."

"दिला होता की. वाचला मी. फार छान लिहिलंय तुम्ही. पण बोर्डावर किती मावणार? आम्ही त्यातलं सार घेतलं."

सार म्हणजे शेजारी उभा केलेला बोर्ड. 'गावाच्या मेहनतीचे प्रतीक. गावातील पहिला टेम्पो.' पहिला नव्हता, तिसरा होता. आणि खाली सासऱ्यांचं नाव, पुढे 'संस्थापक'. टेम्पोचा संस्थापक कसा असतो ते मला अजून कळलेलं नाही.

"फळ्या कुठे आहेत, एवढंच सांगा."

"अहो, टाकल्या नाहीत. चांगल्या कामाला लावल्या. नवरात्राच्या मांडवात दिल्या, अष्टमीच्या जेवणाला. देवीच्या चुलीत गेल्या, आणखी काय पाहिजे लाकडाला?"

हे ते समाधानाने म्हणाले. माझी समजूत काढायला नव्हे, त्यांना ते खरंच वाटत होतं. वाईट माणूस असता तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. हा माणूस वडिलांच्या टेम्पोला हात जोडत होता, आणि हात जोडता जोडता त्याचं पोट रिकामं करून जाळत होता. पंधरा दिवस तो टेम्पोशेजारी खुर्ची टाकून बसला होता आणि एकदाही आत वाकून बघितलं नव्हतं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकी कधी चिडले नव्हते. अष्टमी त्याच दिवशी, सोमवारीच होती. घड्याळात पावणेबारा झाले होते आणि जेवण एकला होतं. पेंटर ब्रश हातात धरून बघतच राहिला. मी फाळका आपटला आणि स्कूटरला किक मारली. ताडपत्री तिथेच राहिली.

मांडवाच्या मागे तीन चुली पेटलेल्या. आचारी कोकणातला, उघडाबंब, गळ्यात पंचा.

"टेम्पोतून आलेली लाकडं कुठे आहेत?"

"ती काय?" त्याने पळीने दाखवलं. "अर्धी गेली ओ ताई. वाळकी होती, झकास पेटली. असलं लाकूड आता मिळत नाही."

कोपऱ्यात ढिगात चार सापडल्या. एक पाण्याच्या पिंपाखाली होती. एकीवर तो स्वतः भाजी चिरायला पाट म्हणून बसत होता. तिच्यावर दोन आडव्या रेघा होत्या, आमचीच. आणि एक मधल्या चुलीत होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी बाहेरचं टोक धरून ओढलं.

"ओ! ओ ताई! भात आहे वर!"

"भात काय पळून जातोय?"

"अडीचशे माणसाचा भात आहे!"

मी बादली उचलून फळीवर ओतली. वाफ आणि राख सगळीकडे उडाली. वाढायला आलेल्या आळीतल्या बायका गोळा झाल्या. एकीने विचारलं, काय हरवलं का वहिनी, दागिना वगैरे? मी म्हटलं, हो. मग आचाऱ्याला वाटलं, लाकडात काही लपवलेलं होतं, आणि तो राख उकरायला लागला. त्याला तसंच उकरू दिलं. राखेतून सात-आठ बोल्ट निघाले, तेही मी घेतले.

सोळातल्या सात. त्यातली सातवी अर्धी. बाकी नऊ घरांची डाळ आणि भात झाला होता.

दीर मागोमाग आले, घाईघाईने, झब्बा सावरत. मी फळ्या स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागी रचत होते. त्यांनी वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही आपली ना? दोन रेघा? बघा वहिनी! आपली वाचली! उगाच चिडता तुम्ही."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. आळीने ऐकलं आहे, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना इतरांनी सांगितलं आहे. सार एवढंच, की आपली वाचली यात आनंद वाटत असेल तर तुम्हाला गाव कळलाच नाही. त्यांनी वळून बायकांकडे बघितलं. मग म्हणाले, "एवढ्या माणसांत, वहिनी, अष्टमीच्या दिवशी." म्हणजे त्यांना माझा आवाज खटकला होता.

संध्याकाळी करंड्या बांधून झाल्यावर मी सातही फळ्या ओटीवर ठेवून ओल्या फडक्याने पुसल्या. यजमान पायाला तेल लावत बसले होते. त्यांचे गुडघे टेम्पोनेच घालवले. तेल लावता लावता म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो फळ्या काढणार ते. गेल्या रविवारी बोलला होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू चिडली असतीस."

मी फडकं पिळलं. हा माणूस तीस वर्षं त्या टेम्पोच्या पुढच्या भागात बसला. मागे काय आहे हे त्याने फक्त आरशात बघितलं. आणि मी चिडू नये म्हणून त्याने नऊ घरं चुलीत जाऊ दिली.  त्यांना जेवायला वाढलं, आणि आमटी गरम केली नाही.

तेवढ्यात पलीकडच्या आळीतल्या ख्रिस्ती मावशी फुलं न्यायला आल्या. ऑक्टोबर म्हणजे त्यांच्या रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, नाक्यावरच्या क्रुसाला रोज हार लागतो. मावशींचं वय ऐंशीच्या घरात, पण जीभ शाबूत. त्यांच्या घरच्या बोलीत त्या जे बोलल्या ते मी साध्या मराठीत लिहिते, कारण ती बोली मला ऐकून कळते, लिहिता येत नाही.

त्या ओटीवर बसल्या आणि एकेक फळी हात फिरवून बघायला लागल्या. "ही त्या पोस्टमनच्या घरची. ही सोनाराची, वाडी बायकोची होती, त्याची नव्हे. ही... ही कोणाची गं, मासा काढलेली? अगं, ही ती! नवरा दुबईला गेला ती." सगळ्या बघून झाल्या. "माझी कुठाय?"

"जळली, मावशी."

"क्रूस होता माझा."

"हो."

त्या म्हणाल्या, "बरं झालं. तुझ्या सासूने तो वाकडाच काढला होता. वीस वर्षं मी तिला सांगत होते, सरळ कर, सरळ कर. म्हणायची, करंड्या सरळ लागतात ना, मग झालं." आणि त्या हसायला लागल्या, मोठ्याने. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, "मला सगळ्या खुणा तोंडपाठ आहेत. नवीन नऊ फळ्या आणते सुताराकडून आणि उद्याच काढून घेते. तुमचा क्रूस सरळ काढते."

"नको."

"का?"

"अगं, तू काढलेला क्रूस तुझा. माझा होता तो गेला. तुझ्या दिराने लाकडाचं चित्र लावलं, तू माझ्या क्रुसाचं चित्र लावणार. मग त्याच्यावर कशाला ओरडलीस दुपारी? आमच्या आळीपर्यंत ऐकू आलं."

 त्या उठल्या, फुलांची पिशवी घेतली, आणि ओटीच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "कोण कोण जळलं त्याची नावं मात्र लिहून ठेव. आम्ही मेल्यावर कोणाला विचारशील?" मग त्या परत आत येऊन बसल्या आणि आम्ही नऊ नावं लिहिली. एका नावावर आमचं जमेना. माझ्या मते आठवी फळी विहिरीवाल्यांची, त्यांच्या मते त्यांच्या चुलत्यांची. शेवटी दोन्ही लिहिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पहाटे पिकअप भरून दिला, ताडपत्रीशिवाय, कारण पाऊस नव्हताच. घरात आले तर यजमानांनी पाटावर हत्यारं मांडली होती: कोयता, विळे, कुदळ, टेम्पोच्या पान्यांचा संच. हळद-कुंकू लावायची तयारी. मी त्यातला चौदाचा पाना आणि पेचकस उचलला.

"अगं, आज हत्यार चालवायचं नसतं. आज पूजा."

"आठ दिवसांपूर्वी उचलायचा होता तुम्ही, म्हणजे मला आज उचलायला लागला नसता."

ते उठले आणि बोल्टची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. बरोबर आले नाहीत.

भाड्याच्या रिक्षात फळ्या आडव्या घालून मी साडेसातला पटांगणात पोचले. कोणी नव्हतं. फाळका पाडला आणि सनमायका काढायला घेतला. स्क्रू नवे होते, भराभर निघाले. त्यामागचा पत्रा सुताराने कुठेच मोडला नव्हता, जुनी भोकं तशीच होती. पहिली फळी मी एकटीने उभी केली, पण आतून फळी धरून बाहेरून नट आवळायला दोन माणसं लागतात. मी फळी खांद्याने दाबून हात बाहेर घालायची खटपट करत होते तेव्हा दीर आले. हार, उदबत्त्या, नारळ, सगळं पिशवीत. उतरवलेला सनमायका त्यांनी जमिनीवर पडलेला बघितला.

"वहिनी, उद्या उद्घाटन आहे."

"माहीत आहे."

"पाहुण्यांना काय सांगू? सात फळ्या आणि मधे उघडा पत्रा? हे काय दिसतं का?"

"सांगा, नऊ जळल्या. कोणी जाळल्या तेही सांगा. नावं मी लिहून आणलीत, बोर्डाच्या मागे लावते. पुढचा बोर्ड राहू दे, फक्त पहिला खोडून तिसरा करा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर टेम्पो माझ्या गोठ्यातला आहे. मी तो आत्ता ढकलत घेऊन जाते. उद्या पाट्या-वरवंट्याचं उद्घाटन करा."

 पेंटर आला, आमच्याकडे बघून परत चहा प्यायला गेला. शेवटी दिरांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, झब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि हौद्यात चढले. गुडघा टेकला, कण्हले. मी त्यांच्या हातात फळ्या देत गेले. त्यांनी आतून धरायच्या, मी बाहेरून नट आवळायचा. पाच झाल्या. सहावी त्यांनी उलटी धरली, खूण खाली. मी ती काढायला लावली. सातवी अर्धी जळलेली, ती धरताना त्यांच्या झब्ब्याला छातीभर कोळसा लागला.  नट आवळून झाल्यावर ते आतल्या आत वळले, आणि पहिल्यांदाच त्या फळीवर काय आहे ते बघण्यासाठी चष्मा पुसायला लागले. चष्म्यालाही कोळसा लागला.

मी पाने गोळा केले, सीटमागची ताडपत्री घेतली आणि घरी जाऊन हत्यारं परत पाटावर ठेवली.